नव्या बॉलपार्कची नांदी

टेक्सासमधल्या आर्लिंग्टन शहरात २०२० च्या मार्चमध्ये एक नवंकोरं बेसबॉल मैदान सज्ज होतं. ग्लोब लाइफ फील्ड हे त्याचं नाव. चाळीस हजारांवर माणसं बसतील एवढं मोठं, आणि टेक्सासच्या उन्हाळ्यावर उपाय म्हणून सरकतं छप्पर असलेलं. टेक्सास रेंजर्स या संघाचे सामने महिनाअखेरीला सुरू व्हायचे होते. त्याआधी, १४ मार्चच्या शनिवारी, तिथे गाण्याचा मोठा कार्यक्रम ठरला होता. मुख्य गायक ख्रिस स्टेपलटन आणि सोबत टेक्सासचे लाडके, तेव्हा ८६ वर्षांचे विली नेल्सन. मैदानात पहिला चेंडू पडण्याआधी पहिला सूर लागणार होता.

तो लागला नाही. करोनाची साथ अमेरिकेत पसरली आणि कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. मे महिन्याच्या अखेरीस या मैदानात पहिली माणसं जमली ती शाळेतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडणारी मुलं आणि त्यांचे मोजके नातेवाईक, पदवीदान समारंभासाठी, एकमेकांपासून अंतर राखून. रेंजर्सचा पहिला सामना २४ जुलैला झाला, रिकाम्या खुर्च्यांसमोर. काही खुर्च्यांवर प्रेक्षकांचे पुठ्ठ्याचे फोटो लावले होते. रेंजर्सनी कोलोरॅडो रॉकीजला १-० असं हरवलं आणि टाळ्या वाजवायला मैदानात कुणी नव्हतं.

आपल्याकडे संगीत नाटकाला नांदी असते. नांदी झाल्याशिवाय खेळ सुरू झाला असं वाटत नाही. आर्लिंग्टनच्या मैदानाची नांदी राहून गेली. नवं बॉलपार्क उघडताना गाण्याचा किंवा गावजत्रेसारखा कार्यक्रम का ठेवतात, त्यामागे किती तयारी असते आणि त्यावर गावाचा हक्क कसा पोचतो, ते इथे पाहू.

बॉलपार्क म्हणजे नक्की काय

बेसबॉलच्या मैदानाला अमेरिकन माणूस सहसा स्टेडियम म्हणत नाही, बॉलपार्क म्हणतो. या नावात बागेचा अर्थ आहे आणि तो खराही आहे. हिरवळ, मोकळं आकाश, कुंपणापलीकडे दिसणारं शहर, आणि तीन तास रमतगमत बसायची सोय.

मैदानाच्या आतल्या भागाची मापं काटेकोर असतात. धावताना ज्या चौथऱ्यांना शिवायचं त्यांना बेस म्हणतात; दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे सुमारे साडेसत्तावीस मीटर. चेंडू फेकणारा पिचर होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाजाच्या जागेपासून, साठ फूट सहा इंचांवर, दहा इंच उंच मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो. आपल्या क्रिकेटच्या बावीस यार्डांपेक्षा हे अंतर थोडं कमीच. बाहेरच्या कुंपणाचा आकार मात्र ज्याचा त्याचा, आणि बॉलपार्कची खरी मजा तिथेच आहे. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डावीकडे ३७ फूट उंच हिरवी भिंत आहे, कारण जागा अडचणीची होती. शिकागोच्या रिग्ली फील्डच्या विटांच्या भिंतीवर १९३७ पासून वेल चढलेली आहे. सॅन डिएगोच्या पेटको पार्कमध्ये डाव्या कोपऱ्यावर १९०९ साली बांधलेली वेस्टर्न मेटल सप्लाय कंपनीची इमारत आहे. मैदान बांधताना ती पाडली नाही. उलट तिचाच कोपरा फाउल पोल, म्हणजे हद्दीचा खांब झाला. त्या कोपऱ्याला चाटून चेंडू गेला तर होमरन, आपल्या षटकारासारखा.

अशा मैदानाला घराचा स्वभाव असतो, म्हणून ते उघडतानाही घर उघडल्यासारखं उघडतात. आपण नव्या घरात राहायला जाण्याआधी दूध उतू जाऊ देतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावतो. त्यातलाच हा प्रकार.

बँड आणि बॉल यांची जुनी सोबत

बेसबॉल आणि संगीत यांचं नातं रॉक कॉन्सर्टच्या कितीतरी आधीचं आहे. १८ एप्रिल १९२३ ला न्यूयॉर्कमध्ये यांकी स्टेडियम उघडलं, तेव्हा अमेरिकेचा 'मार्च किंग' म्हणून ओळखला जाणारा जॉन फिलिप सूसा बँड घेऊन हजर होता. खेळाडू आणि पाहुणे त्याच्या बँडमागून मैदानाच्या टोकाच्या ध्वजस्तंभापर्यंत चालत गेले, झेंडा चढला, मग राज्याचे गव्हर्नर अल स्मिथ यांनी पहिला चेंडू फेकला. त्या दिवशी यांकीजच्या बेब रूथने तीन धावांचा होमरन मारला आणि यांकीजनी बॉस्टनला ४-१ ने हरवलं. गर्दीचा आकडा ७४ हजारांच्या वर सांगितला गेला. तो फुगवलेला होता, हे पुढे क्लबच्याच माणसाने कबूल केलं. पण साठ हजार माणसं आली असली तरी बेसबॉलसाठी ती अभूतपूर्व गर्दी होती.

त्याआधी १९१८ च्या वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेत, पहिलं महायुद्ध चालू असताना, शिकागोत नऊपैकी सातव्या इनिंगच्या मध्यंतरात लष्करी बँडने 'द स्टार-स्पँगल्ड बॅनर' वाजवलं आणि लोक आपणहून उभे राहून गाऊ लागले. ते गीत राष्ट्रगीत म्हणून अधिकृत झालं १९३१ साली. म्हणजे कायद्याच्या आधी बॉलपार्कने ते उचलून धरलं होतं. 'टेक मी आउट टू द बॉल गेम' हे १९०८ चं गाणं आज प्रत्येक मैदानात सातव्या इनिंगच्या मधल्या विश्रांतीत गातात, सगळे उभे राहून, बेसूर झालं तरी मोकळ्या गळ्याने. १९४१ साली रिग्ली फील्डमध्ये पहिल्यांदा ऑर्गन वाजला आणि मग तो आवाज बेसबॉलचाच होऊन गेला.

तेव्हा नव्या मैदानात गाणं आणणं ही आजच्या मार्केटिंगवाल्यांची कल्पना नाही. ती रीत मुळातच या खेळात आहे.

शे स्टेडियम, १५ ऑगस्ट १९६५

बॉलपार्कमध्ये हजारोंसाठी गाणं करता येतं, हे जगाला पटलं ते एका रविवारी संध्याकाळी. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं शे स्टेडियम उघडून जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. तिथे बीटल्स गायले आणि त्यांना ऐकायला ५५ हजार ६०० माणसं आली.

ते दृश्य जरा जवळून पाहण्यासारखं आहे. सेकंड बेसच्या आसपास एक साधा मंच. हिरवळीवर प्रेक्षकांना मज्जाव, सगळी माणसं गॅलरीत, मधे पोलीस. वाद्यांसाठी व्हॉक्स कंपनीने खास शंभर वॉटचे ॲम्प्लिफायर बनवून दिले होते. आज कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये याहून मोठे स्पीकर असतात. गायकांचा आवाज गेला तो स्टेडियमच्या स्वतःच्या भोंग्यांमधून. 'आता फलंदाजीला येतोय अमुक अमुक' असं सांगण्यासाठी ते भोंगे बसवलेले होते, गाण्यासाठी नव्हे. वर तरुण मुलींच्या किंकाळ्या. चौघांना एकमेकांचं वाजवणं धड ऐकू येत नव्हतं. अर्ध्या तासात बारा गाणी झाली, ते निघूनही गेले, आणि आलेल्यांपैकी बहुतेकांनी गाणं ऐकण्यापेक्षा पाहिलंच जास्त.

आवाजाची ती फजिती फार उपयोगी पडली. मैदान मोठं असेल तर आवाजाची व्यवस्था स्वतंत्रपणे उभी करावी लागते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

पुढे शे स्टेडियम जुनं झालं, शेजारी सिटी फील्ड उभं राहिलं. जुन्या मैदानाला निरोप देताना जुलै २००८ मध्ये गायक बिली जोएलने दोन रात्री कार्यक्रम केला आणि शेवटच्या रात्री बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनी स्वतः विमानतळावरून येऊन मंचावर चढला. एका वर्षाने, जुलै २००९ मध्ये, सिटी फील्डमधली पहिली कॉन्सर्ट मॅकार्टनीचीच झाली आणि त्या रात्री बिली जोएल पाहुणा होता. जुन्या घरातला दिवा नव्या घरात न्यावा, तसं हे झालं. शे स्टेडियमच्या जागी आता गाड्या उभ्या राहतात. त्या वाहनतळात जुन्या बेसच्या जागा खुणा करून राखल्या आहेत. लोक तिथे गाडी लावून आधी होम प्लेटवर उभे राहतात, मग सामन्याला आत जातात.

रंगीत तालीम

नवं मैदान पहिल्याच दिवशी पूर्ण क्षमतेने, तिकिटं विकून, दूरचित्रवाणीसमोर उघडणं फार जोखमीचं असतं. म्हणून आधी रंगीत तालीम होते. कधी ती कॉलेजच्या सामन्याची असते. सॅन डिएगोच्या पेटको पार्कमध्ये पहिला सामना व्यावसायिक संघांचा झालाच नाही. ११ मार्च २००४ ला सॅन डिएगो स्टेट विद्यापीठ आणि ह्यूस्टन विद्यापीठ तिथे खेळले. स्टेटचा प्रशिक्षक होता टोनी ग्विन. शहराच्या पॅड्रेज संघाकडून अख्खी कारकीर्द खेळलेला, सगळ्या शहराचा आवडता माणूस. त्या सामन्याला ४०,१०६ प्रेक्षक आले. कॉलेज बेसबॉलमधला तोपर्यंतचा तो विक्रम होता. वॉशिंग्टनच्या नॅशनल्स पार्कमध्ये २००८ साली आणि सिटी फील्डमध्ये २००९ साली सुरुवात कॉलेजच्या मुलांनीच केली. मला ही पद्धत मनापासून आवडते. ज्यांना पुढे कधी त्या मैदानात खेळायला मिळेल याची खात्री नाही, त्यांच्या पावलांनी नवी माती पहिल्यांदा उमटते.

कधी ही तालीम म्हणजे नुसतं 'या, बघून जा' असं खुलं आमंत्रण असतं आणि कधी गाण्याचा कार्यक्रम. गाण्याचा कार्यक्रम ही त्यातली सर्वांत कडक परीक्षा. बेसबॉलच्या सामन्याला माणसं सावकाश येतात, अधूनमधून उठून खायला जातात, सामना एकतर्फी झाला तर आठव्या इनिंगलाच घराची वाट धरतात. कॉन्सर्टला सगळे एकाच वेळी येतात, एकाच वेळी उठतात आणि शेवटचं गाणं संपलं की दहा मिनिटांत सगळे एकदम दाराशी. शिवाय ज्या हिरवळीवर एरवी मूठभर खेळाडू असतात, तिथे हजारो माणसं उभी. त्यांना बाहेर काढायच्या वाटा पुरेशा आहेत का, रुग्णवाहिका आत येऊ शकते का, विजेचा भार झेपतो का, फोन लागतात का, हे सगळं त्या एका संध्याकाळी कळतं.

याआधीही एक चाचणी होते आणि ती ऐकून हसू आलं तरी अगदी गंभीरपणे करतात. कामगार आणि स्वयंसेवक इमारतभर पसरतात आणि खुणेसरशी शेकडो शौचालयांचे फ्लश एकदम ओढतात. तिला 'सुपर फ्लश' म्हणतात. पाण्याचा दाब टिकला, सांडपाण्याच्या नळ्यांनी भार घेतला, की निम्मी चिंता मिटते. मध्यंतरात हजारो माणसं एकाच वेळी उठणार, हे धरूनच ती नळजोडणी केलेली असते. पण कागदावरचा हिशेब आणि वाहतं पाणी यांत फरक असतो.

तालमीची घाई मात्र करू नये. कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहराने 'यार्ड गोट्स' नावाच्या छोट्या संघासाठी मैदान बांधायला घेतलं. ते २०१६ मध्ये उघडायचं होतं. काम रखडलं, वाद झाले, आणि त्या संघाला २०१६ चा संपूर्ण मोसम परगावी फिरत काढावा लागला. स्वतःच्या गावात एकही सामना नाही. एप्रिल २०१७ मध्ये दारं उघडली तेव्हा लोकांनी मैदान भरून टाकलं.

मंच कुठे, आवाज कुठे

बॉलपार्कमधल्या बहुतेक खुर्च्या होम प्लेटभोवती, पंख्यासारख्या पसरलेल्या असतात. म्हणून मंच बहुधा समोर, होम प्लेटच्या थेट पलीकडच्या सेंटर फील्डच्या कुंपणाजवळ उभा करतात. ट्रक आत यायची मोठी दारंही सहसा बाहेरच्या कुंपणातच असतात, हा दुसरा फायदा. तोटा असा की मंचामागच्या स्वस्त बाकांवरून काही दिसत नाही, ती तिकिटं विकता येत नाहीत. ती भरपाई हिरवळीवर खुर्च्या मांडून होते.

सेंटर फील्डचं कुंपण होम प्लेटपासून साधारण ४०० फुटांवर असतं, म्हणजे सुमारे १२० मीटर. होम प्लेटमागच्या वरच्या मजल्यापर्यंत हे अंतर दीडशे मीटरच्या पलीकडे जातं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो. म्हणजे गायकाने उच्चारलेला शब्द वरच्या मजल्यावर पोचायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. मोठ्या पडद्यावर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. लांबच्यांनाही नीट ऐकू यावं म्हणून मैदानाच्या मधोमध स्पीकरचे मनोरे उभारतात आणि मंचावरचा आवाज तिथवर पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढाच उशीर त्यांना मुद्दाम देतात, म्हणजे मंचावरून हवेतून आलेला आवाज आणि मनोऱ्यातला आवाज श्रोत्याच्या कानाशी एकदमच पोचतात. बीटल्सच्या वेळी यातलं काहीच नव्हतं.

छप्पर असेल तर अडचण उलटी. आवाज बाहेर जात नाही, घुमत राहतो. ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम हे पहिलं बंदिस्त बेसबॉल मैदान. ते एप्रिल १९६५ मध्ये उघडलं तेव्हा अध्यक्ष लिंडन जॉन्सन आले होते, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तिथे गायिका ज्युडी गार्लंडचा कार्यक्रम झाला. त्या छताने गवताचाही बळी घेतला. पारदर्शक छताची तिरीप खेळाडूंच्या डोळ्यांवर येते म्हणून छताचे तुकडे रंगवले, ऊन अडलं, गवत मेलं, आणि पुढच्या वर्षी तिथे कृत्रिम हिरवळ आली. तिचं नावच ॲस्ट्रोटर्फ पडलं.

हिरवळीचं दुखणं

बॉलपार्कमध्ये कॉन्सर्ट म्हटलं की सर्वांत आधी पोटात गोळा येतो तो मैदान राखणाऱ्या माणसांच्या. त्यांना तिथे ग्राउंड्सकीपर म्हणतात. गवताची उंची, मातीतली चिकणमाती, पाण्याची वेळ, पिचरच्या उंचवट्याचा उतार, सगळं त्यांच्या हातात असतं. थंड हवेत सहसा केंटकी ब्लूग्रास जातीचं गवत, उष्ण भागात बर्म्युडा. बेसभोवतीची माती वेगळी आणि ती रोज ओलवावी लागते, चाळावी लागते, सपाट करावी लागते. आपल्या वानखेडेवर खेळपट्टी राखणाऱ्या माणसाशी बोललात तर तोही याच जिव्हाळ्याने बोलेल.

कॉन्सर्टसाठी हिरवळ झाकतात ती प्लॅस्टिकच्या, एकमेकांत अडकणाऱ्या फरश्यांनी. त्या पोकळ असतात, खालून हवा खेळते, काहींतून थोडा उजेडही जातो. माणसांच्या वजनाला त्या पुरतात. मंचाखाली आणि क्रेनच्या वाटेवर ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या टाकतात. पिचरचा उंचवटा वेगळा झाकून जपतात. एवढं करूनही चार दिवस झाकलेलं गवत पिवळं पडतं, उन्हाळ्यात खाली वाफ धरते. कार्यक्रम संपला की त्याच रात्री फरश्या उचलायला सुरुवात होते आणि जिथे गवत गेलं तिथे दुसरीकडे वाढवलेल्या हिरवळीचे गालिचे आणून अंथरतात. दोन-चार दिवसांत सामना असतो.

बाल्टिमोरच्या कॅमडेन यार्ड्सने हे टाळलं. ६ एप्रिल १९९२ ला उघडलेल्या या मैदानाने जुन्या धाटणीच्या, विटांच्या, शहरात मिसळून गेलेल्या बॉलपार्कची लाट आणली. उद्घाटनाला अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी चेंडू फेकला. पण तिथली पहिली कॉन्सर्ट व्हायला जुलै २०१९ उजाडला. सत्तावीस वर्षं.

संगीताच्या नावाखाली मैदानाचं काय होऊ शकतं, याचं कडू उदाहरण शिकागोच्या कोमिस्की पार्कमधलं. १२ जुलै १९७९ ला दोन सामन्यांच्या मधे डिस्को संगीताच्या तबकड्यांचं खोकं सेंटर फील्डमध्ये स्फोटाने उडवायचा कार्यक्रम ठेवला होता. तबकडी आणली तर ९८ सेंटमध्ये प्रवेश. स्फोटाने हिरवळीत खड्डा पडला, हजारो लोक कुंपणावरून आत घुसले, हिरवळ उखडली, पोलीस बोलवावे लागले. दुसरा सामना खेळवता आला नाही आणि तो पाहुण्या डेट्रॉइटला बहाल झाला. डिस्को हे मुख्यतः कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी समूहांतून वर आलेलं संगीत होतं. त्याच्या द्वेषावर कार्यक्रम बेतला, तिथेच खरं चुकलं होतं.

पैसा कुणाचा आणि पहिला पास कुणाला

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेतली बहुतेक आधुनिक बॉलपार्क लोकांच्या करातून, पूर्णपणे किंवा अंशतः, उभी राहिली आहेत. सॅन फ्रान्सिस्कोचं २००० साली उघडलेलं मैदान बहुतांशी खासगी पैशातून झालं, म्हणून त्याचं कौतुक आजही होतं. कॅमडेन यार्ड्सला मेरीलँड राज्याच्या लॉटरीचा पैसा लागला. आर्लिंग्टनच्या नागरिकांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदान करून नव्या मैदानासाठी ५० कोटी डॉलरपर्यंतचा भार उचलायला मान्यता दिली. विक्रीकरातला अर्धा टक्का, हॉटेलच्या खोल्यांवर आणि भाड्याच्या गाड्यांवर कर, अशी ती वाट. रेंजर्सचं आधीचं मैदान १९९४ चं. म्हणजे पंचवीस वर्षांत शहराने दुसऱ्यांदा खिशात हात घातला.

या खर्चातून शहराची भरभराट होते, असं संघमालक सांगतात. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बलिस्ट या अर्थतज्ज्ञांनी १९९७ साली संपादित केलेल्या ग्रंथात हा दावा तपासला आणि तो टिकत नाही असं दाखवलं. मैदानावर खर्च होणारा पैसा बराचसा त्याच शहरातल्या दुसऱ्या करमणुकीतून वळलेला असतो. नोकऱ्या मिळतात त्या बहुतेक हंगामी. त्यानंतरच्या अभ्यासांचा कौलही मोठ्या प्रमाणात याच बाजूचा आहे.

मग लोक तरीही मत का देतात? मला वाटतं, कारण त्यांना नफा नको असतो, आपलेपण हवं असतं. संध्याकाळी मुलांना घेऊन जायला एक जागा, आजोबांनी नातवाला स्कोअर लिहायला शिकवायची जागा. ही अपेक्षा पुरी करायचं पहिलं पाऊल म्हणजे उद्घाटनाचा तो गावकार्यक्रम. म्हणून तो कसा ठेवला जातो याला महत्त्व आहे. तिकीट महाग ठेवून, खास कक्षांतल्या पाहुण्यांपुरतं गाणं केलं तर ते दुसऱ्या कोणत्याही कॉन्सर्टसारखं. शेजारच्या वस्त्यांना आधी बोलावलं, शाळेच्या बँडला आणि चर्चच्या गायकवृंदाला मंच दिला, लहान मुलांना बेसवरून धावू दिलं, तर ते मैदान गावाचं होतं.

आणि बांधणाऱ्यांना विसरू नये. मिलवॉकीच्या मिलर पार्कचं छप्पर बसवताना १४ जुलै १९९९ ला 'बिग ब्लू' नावाची प्रचंड क्रेन वाऱ्यात कोसळली आणि तीन लोखंडकामगार गेले. मैदान एप्रिल २००१ मध्ये उघडलं. दाराबाहेर त्या तिघांच्या स्मरणार्थ 'टीमवर्क' नावाचं शिल्प आहे. पहिल्या दिवसाच्या जल्लोषात जाणाऱ्या प्रत्येकाने त्याच्यापुढे क्षणभर थांबावं असं ते ठिकाण आहे.

आपली माणसं त्या हिरवळीवर

मराठी वाचकाला हे सगळं दूरचं वाटेल, पण तितकं दूर नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये सचिन तेंडुलकर आणि शेन वॉर्न यांनी निवृत्त खेळाडूंचे दोन संघ घेऊन अमेरिकेत तीन सामने खेळवले, तेही बॉलपार्कमध्येच. पहिला सिटी फील्डमध्ये, दुसरा ह्यूस्टनमध्ये, तिसरा लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये. मैदानं बेसबॉलची, खेळपट्टी बाहेर तयार करून आणलेली, आणि गॅलरीत 'सचिन, सचिन'चा गजर. तिन्ही सामने वॉर्नच्या संघाने जिंकले, तरी त्या गजरात फरक पडला नाही.

आर्लिंग्टनला लागून ग्रँड प्रेरी नावाचं शहर आहे. तिथे २००८ साली 'एअरहॉग्ज' या छोट्या संघासाठी बॉलपार्क उघडलं. संघ २०२० मध्ये बंद पडला. मैदान ओस पडण्याऐवजी त्याचं क्रिकेट मैदानात रूपांतर झालं आणि जुलै २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मेजर लीग क्रिकेट या स्पर्धेचा पहिला सामना तिथे झाला. ६ जून २०२४ ला, टी-ट्वेंटी विश्वचषकात, याच मैदानावर अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती सुपर ओव्हर टाकली मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने. मुंबईसाठी रणजी खेळलेला, मग अमेरिकेत जाऊन सॉफ्टवेअर इंजिनिअर झालेला हा डावखुरा गोलंदाज युकुलेले वाजवून गातोही. बॉल आणि सूर यांची सोबत इथेही सुटली नाही.

उलट दिशेने पाहिलं तर आपल्याकडेही मैदानं गाण्यांनी भरू लागली आहेत. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू हा बँड आला, जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. लोकलची गर्दी, पार्किंग, आसपासच्या वस्त्यांना होणारा त्रास, हिरवळीची देखभाल, हे सगळे प्रश्न आता आपलेही आहेत.

ठाणे जिल्ह्यात नवं मोठं क्रिकेट मैदान उभारायची चर्चा आहे. ते झालं तर माझी एक विनंती आहे. पहिली संध्याकाळ विकू नका. ज्या गावांच्या शेजारी ते उभं राहील तिथल्या लोकांना आणि ज्यांनी ते बांधलं त्या कामगारांना, त्यांच्या कुटुंबांसकट, पहिला पास द्या. शाळेतल्या मुलींचं लेझीम पथक आधी आत येऊ द्या, गावच्या भजनी मंडळाला माइक द्या. आणि सगळी स्वच्छतागृहं त्याआधी एकदा एकदम फ्लश करून बघा.